पॉल द्युकास

पॉल आब्राहाम द्युकास (१ ऑक्टोबर १८६५, पॅरिस – १७ मे १९३५, पॅरिस) हे फ्रेंच संगीतरचनाकार, संगीतसमीक्षक, संपादक आणि संगीतशिक्षक होते. ‘लाप्रांती सॉर्सिए’ (मांत्रिकाचा शिकाऊ चेला, १८९७) या वाद्यवृंदरचनेमुळे त्यांचे नाव जगभर परिचित झाले. सिंफनी, पियानो सोनाटा, संगीतिका (ऑपेरा) आणि नृत्यनाट्य (बॅले) या चारही प्रकारांत त्यांनी प्रत्येकी एकच मोठी रचना प्रसिद्ध केली आणि त्या चारही रचना फ्रेंच संगीतात महत्त्वाच्या मानल्या जातात. स्वतःच्या कामाबाबत ते अत्यंत कठोर होते. मनास न पटलेल्या अनेक रचना त्यांनी अर्धवट सोडल्या किंवा स्वतःच्या हाताने नष्ट केल्या. परिणामी सुमारे पाच दशकांच्या सांगीतिक जीवनानंतरही त्यांच्या प्रकाशित रचनांची संख्या डझन-दीड डझनाच्या घरातच राहिली.

बालपण आणि शिक्षण

द्युकास यांचा जन्म पॅरिसमधील एका ज्यू कुटुंबात झाला. वडील ज्यूल द्युकास हे बँकव्यवसायात होते, तर आई युजेनी या उत्तम पियानोवादक होत्या. तीन भावंडांत पॉल हे दुसरे. ते पाच वर्षांचे असताना तिसऱ्या अपत्याच्या जन्माच्या वेळी आईचा मृत्यू झाला. लहानपणी त्यांना पियानोचे शिक्षण मिळाले, परंतु असामान्य बुद्धिमत्तेची चिन्हे त्या वयात दिसली नाहीत. चौदाव्या वर्षी एका आजारातून बरे होत असताना ते स्वररचना करू लागले.

वयाच्या सोळाव्या वर्षी, १८८१ च्या अखेरीस, त्यांनी पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत प्रवेश घेतला. तेथे जॉर्ज मातियास यांच्याकडे पियानो, तेओदोर द्युब्वा यांच्याकडे स्वरसंवाद (हार्मनी) आणि एर्नेस्त गिरो यांच्याकडे रचनाशास्त्र या विषयांचे शिक्षण त्यांनी घेतले. तेथेच क्लोद देब्युसी (१८६२–१९१८) यांच्याशी त्यांची मैत्री जडली. दोघांच्या संगीताची प्रकृती भिन्न होती, तरी स्नेह टिकला. देब्युसी यांनी आपली ‘ला दाम्वाझेल एल्यू’ ही रचना द्युकास यांना अर्पण केली आहे.

विद्यार्थिदशेत द्युकास यांनी शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ (१८८३) आणि ग्योटेच्या ‘ग्योट्स फॉन बेर्लिशिंगेन’ (१८८४) या नाटकांवर दोन ओव्हर्चर, म्हणजे नाट्यारंभी वाजवायच्या वाद्यवृंदरचना, लिहिल्या. त्या काळी फ्रान्समधील तरुण रचनाकारांचे सर्वांत मोठे ध्येय ‘प्री द रोम’ हे पारितोषिक मिळवणे हे असे. प्रथम क्रमांकाच्या विजेत्यास सरकारी खर्चाने रोममध्ये राहून संगीतसाधना करता येई. १८८८ साली ‘व्हेलेदा’ या कँटाटासाठी (गायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची नाट्यात्म रचना) द्युकास यांना दुसरा क्रमांक मिळाला. पहिला क्रमांक कामीय एर्लांजे यांना मिळाला. या निकालाने निराश होऊन त्यांनी १८८९ मध्ये कॉन्झर्व्हेटरी सोडली. त्यानंतर सक्तीची लष्करी सेवा पूर्ण करून ते पॅरिसच्या संगीतजीवनात परतले.

संगीतसमीक्षक आणि संपादक

१८९२ मध्ये द्युकास यांनी संगीतसमीक्षा लिहिण्यास आरंभ केला. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन येथे गुस्ताव्ह मालर यांच्या संचालनाखाली झालेल्या वाग्नरच्या ‘रिंग’ या संगीतिकामालेवर त्यांचे आरंभीचे लेखन आहे. पुढे ‘रव्ह्यू एब्दोमादेर’, ‘गाझेत दे बोझार’ इत्यादी नियतकालिकांतून ते सातत्याने लिहीत राहिले. त्यांच्या निवडक लेखांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, १९४८ साली प्रसिद्ध झाला.

समीक्षेसोबत जुन्या संगीताच्या संपादनाचे कामही त्यांनी केले. अठराव्या शतकातील फ्रेंच रचनाकार जाँ-फिलिप रामो यांच्या समग्र संगीताची आवृत्ती द्युराँ या प्रकाशनसंस्थेने कामीय सँ-साँस यांच्या देखरेखीखाली काढली. तीतील ‘लेझँद गालांत’ या रचनेचे संपादन द्युकास यांनी केले. कूपरँ, स्कार्लाती आणि बेथोव्हन यांच्या रचनांच्या आवृत्त्यांवरही त्यांनी काम केले. गिरो यांचे १८९२ मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांची ‘फ्रेदेगोंद’ ही संगीतिका अपूर्ण होती. सँ-साँस आणि द्युकास यांनी ती पूर्ण केली आणि पहिल्या तीन अंकांची वाद्ययोजना द्युकास यांनी सांभाळली. १८९५ मध्ये तिचा प्रयोग पॅरिस ऑपेरात झाला.

या दोन्ही कामांचा त्यांच्या रचनाकर्तृत्वाशी जवळचा संबंध आहे. रामो आणि बेथोव्हन यांची पाने ओळीओळीने तपासणारी व्यक्ती जेव्हा स्वतः लिहावयास बसे, तेव्हा तिच्यासमोरचे माप त्याच उंचीचे असे. इतरांच्या कृतींवर लिहिताना द्युकास समंजस आणि न्याय्य राहिले; स्वतःच्या कृतींना मात्र त्यांनी ती सवलत दिली नाही.

प्रमुख रचना

आरंभीच्या वाद्यवृंदरचना

द्युकास यांची लोकांसमोर आलेली पहिली महत्त्वाची रचना म्हणजे कोर्नेय यांच्या शोकांतिकेवर आधारलेले ‘पॉलियक्त’ हे ओव्हर्चर. शार्ल लामूरो यांच्या वाद्यवृंदाने ते जानेवारी १८९२ मध्ये सादर केले. तीवर वाग्नरच्या शैलीची छाया स्पष्ट आहे.

१८९५–९६ मध्ये त्यांनी सी मेजर स्वरातील सिंफनी लिहिली. सिंफनीत सामान्यतः चार भाग असतात. द्युकास यांनी तीनच ठेवले. ही रचना पॉल व्हिदाल यांना अर्पण केलेली असून जानेवारी १८९७ मध्ये त्यांच्याच संचालनाखाली ती प्रथम सादर झाली. सेझार फ्रांक यांच्या परंपरेशी असलेले तिचे नाते अभ्यासकांनी दाखवले आहे.

लाप्रांती सॉर्सिए

सिंफनीनंतर अवघ्या काही महिन्यांत, १८ मे १८९७ रोजी, पॅरिसच्या सोसिएते नासिओनाल द म्युझिक या संस्थेच्या कार्यक्रमात द्युकास यांनी स्वतः संचालन करून ‘लाप्रांती सॉर्सिए’ सादर केली. ग्योटे यांच्या १७९७ मधील एका कथाकाव्यावर ती आधारलेली आहे. वृद्ध मांत्रिक बाहेर गेल्यावर त्याचा चेला मंत्र म्हणून एका झाडूला नदीवरून पाणी आणावयास लावतो. झाडू थांबवण्याचा मंत्र मात्र त्याला आठवत नाही. घरात पाणीच पाणी होते. तो कुऱ्हाडीने झाडूचे दोन तुकडे करतो, तर दोन झाडू पाणी आणू लागतात. अखेरीस मांत्रिक परत येऊन सारे पूर्ववत करतो.

सुमारे दहा-बारा मिनिटांच्या या रचनेला द्युकास यांनी ‘स्केर्त्सो’, म्हणजे खेळकर व द्रुत गतीची रचना, असे म्हटले. आरंभीचे संथ, गूढ स्वर मंत्राचे वातावरण निर्माण करतात. त्यानंतर बासून या खर्जातील सुषिर वाद्यावर झाडूच्या ठेक्यातील चालीची स्वरावली सुरू होते. हीच स्वरावली क्रमाने अधिकाधिक वाद्यांत पसरत जाऊन पुराचे रूप घेते. कुऱ्हाडीच्या घावानंतर क्षणभर शांतता पसरते आणि मग ती मूळ स्वरावली खर्जात पुन्हा हालचाल करू लागते. तिच्यापाठोपाठ दुसरी येते. कथा माहीत नसलेल्या श्रोत्यालाही रचनेचा आराखडा समजतो, कारण तो केवळ कथेवर नव्हे तर स्वरांच्या तर्कशुद्ध विस्तारावर उभा आहे.

वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फँटेशिया’ (१९४०) या चित्रपटात लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या संचालनाखाली ही रचना वापरण्यात आली. मिकी माऊस तीत चेल्याच्या भूमिकेत आहे. द्युकास यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी आलेल्या या चित्रपटाने रचनेची लोकप्रियता कितीतरी वाढवली. मात्र त्यामुळे द्युकास म्हणजे एकाच गमतीदार रचनेचे जनक, असा समजही रूढ झाला आणि त्यांच्या इतर कार्याकडे दुर्लक्ष झाले, असे अनेक समीक्षकांचे मत आहे.

पियानोरचना

ई फ्लॅट मायनर स्वरातील पियानो सोनाटा १९०० मध्ये पूर्ण झाला. सँ-साँस यांना अर्पण केलेली ही चार भागांची रचना वाजवण्यास सुमारे पाऊण तास लागतो. एदुआर रिसलेर यांनी १० मे १९०१ रोजी तिचे पहिले वादन केले. बेथोव्हनच्या उत्तरकालीन सोनाटांच्या तोलाची मोठी रचना फ्रेंच पियानोसंगीतात प्रथमच घडवण्याचा हा प्रयत्न होता. वादकाच्या तंत्राची आणि श्रोत्याच्या एकाग्रतेची कसोटी पाहणारी असल्याने ती मैफलींत क्वचितच ऐकू येते.

त्यापाठोपाठ ‘रामोच्या एका विषयावरील रूपांतरे, मध्यांतर आणि अंतिम भाग’ ही रचना आली. रिसलेर यांनीच ती मार्च १९०३ मध्ये प्रथम वाजवली. रामो यांच्या ‘ल लार्दों’ या छोट्या मिन्युएट नृत्यरचनेवर द्युकास यांनी अकरा रूपांतरे रचली. मूळ साधी चाल क्रमाक्रमाने आपले बाह्य रूप हरवत जाते. तिचा सांगाडा मात्र शेवटपर्यंत जाणवत राहतो. संपादक म्हणून केलेल्या रामोच्या अभ्यासाचे हे फळ आहे.

आरियान ए बार्ब-ब्ल

बेल्जियन लेखक मोरिस मेटरलिंक यांच्या संहितेवरील ‘आरियान ए बार्ब-ब्ल’ (आरियान आणि निळ्या दाढीचा सरदार) या तीन अंकी संगीतिकेवर द्युकास यांनी सुमारे सात वर्षे काम केले. पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिकमध्ये १० मे १९०७ रोजी तिचा पहिला प्रयोग झाला. जॉर्जेत लब्लाँ यांनी आरियानची भूमिका केली.

आपल्या आधीच्या पाच बायका कोंडून ठेवणाऱ्या सरदाराशी आरियानचा विवाह होतो. सहा चांदीच्या किल्ल्यांनी उघडणाऱ्या दालनांत रत्ने असतात. सातवे, सोन्याच्या किल्लीचे दार उघडण्यास मात्र मनाई असते. आरियान तेच दार उघडते, अंधारात खितपत पडलेल्या पाचही स्त्रियांना शोधते आणि त्यांना प्रकाशात आणते. गावकरी सरदाराला पकडून बांधून आणतात, तेव्हा ती त्याचीही बंधने सोडवते. शेवटी ती वाडा सोडून निघते आणि त्या पाचही जणींना सोबत येण्यास सांगते. एकही जात नाही. संगीतिका येथेच, आरियान निघून गेल्यावर, संपते.

या कृतीतील बहुतेक सर्व महत्त्वाच्या भूमिका स्त्रियांच्या असून सरदाराच्या वाट्याला गायन फारच थोडे आहे. कैदेतील एका स्त्रीचे नाव मेलिझांद आहे. देब्युसी यांच्या ‘पेलेआस ए मेलिझांद’ या संगीतिकेतील नायिका तीच असल्याने तिच्या प्रवेशाच्या वेळी द्युकास यांनी मित्राच्या त्या कृतीतील स्वरावली वापरली आहे. १९०८ मध्ये व्हिएन्ना येथे अलेक्झांडर झेम्लिन्स्की यांनी आणि १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात आर्तुरो टॉस्कानिनी यांनी तिचे संचालन केले.

ला पेरी

‘ला पेरी’ या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग २२ एप्रिल १९१२ रोजी पॅरिसच्या शातले नाट्यगृहात झाला. नर्तकी नातालिया त्रुखानोव्हा यांच्या त्या कार्यक्रमात व्हँसाँ दँदी, फ्लोराँ श्मित, मोरिस राव्हेल आणि द्युकास अशा चार रचनाकारांच्या कृती होत्या आणि प्रत्येकाने आपापल्या कृतीचे संचालन केले. मूळ योजना सर्गेई द्यागिलेव्ह यांच्या रशियन बॅले संस्थेकडून प्रयोग करण्याची होती, परंतु ती फिसकटली.

शीर्षकातील ‘पेरी’ म्हणजे मराठीत फारसीतूनच आलेली ‘परी’ आणि नायक इस्कंदर म्हणजे आपल्याकडचा सिकंदर. अमरत्वाचे फूल शोधत इस्कंदर इराणच्या टोकाला पोहोचतो. तेथे झोपलेल्या परीच्या हातातील ते फूल तो काढून घेतो. फुलाशिवाय परीला आपल्या प्रकाशलोकात परतता येत नाही. ती नृत्य करीत त्याच्याजवळ येते. तो मोहून फूल परत देतो. ती प्रकाशात विलीन होते आणि आपला अंत जवळ आल्याचे त्याला उमगते. या नृत्यनाट्याच्या आरंभी वाजवायची पितळी वाद्यांची छोटी ‘फँफेअर’ द्युकास यांनी नंतर जोडली. सुमारे दोन मिनिटांची ही रचना आज स्वतंत्रपणेही पुष्कळदा वाजवली जाते.

‘ला पेरी’ची संहिताही नष्ट करण्याचा द्युकास यांचा विचार होता आणि मित्रांच्या आग्रहाने ती वाचली, असे सांगितले जाते.

आत्मपरीक्षण आणि नष्ट केलेल्या रचना

‘ला पेरी’ पूर्ण झाली तेव्हा द्युकास ४६ वर्षांचे होते. त्यानंतर ते २३ वर्षे जगले. परंतु या काळात त्यांच्या मोजक्याच छोट्या रचना प्रकाशित झाल्या. देब्युसी यांच्या स्मरणार्थ १९२० मध्ये लिहिलेली ‘ला प्लँत, ओ ल्वँ, द्यु फोन’ ही पियानोरचना आणि कवी रोंसार यांच्या जन्माच्या चौथ्या शताब्दीनिमित्त १९२४ मध्ये केलेले त्यांच्या एका सुनीताचे स्वरांकन या त्यांपैकी उल्लेखनीय होत.

लेखन थांबले होते, असा मात्र याचा अर्थ नाही. द्युकास लिहीत होते आणि लिहिलेले बाजूला सारत होते. प्रकाशात न आलेल्या त्यांच्या कृती तीन प्रकारच्या आहेत :

• अप्रकाशित ठेवलेल्या : विद्यार्थिदशेतील दोन ओव्हर्चर. यांपैकी ‘किंग लिअर’ची हस्तलिखित प्रत विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उजेडात आली.
• अर्धवट सोडलेल्या : १८९२ च्या सुमारास हाती घेतलेली ‘ऑर्न ए रिमनिल्द’ आणि पुढील काळातील ‘लार्ब्र द सिआंस’ या नाट्यरचना.
• नष्ट केलेल्या : दुसरी सिंफनी, व्हायोलिन सोनाटा, ‘ल फिल द ला पार्क’ हे सिंफनीकाव्य, ‘ल सां द मेद्युझ’ हे नृत्यनाट्य, इत्यादी.

या वर्तनाची संगती त्यांच्या प्रकाशित कृतींतून लावता येते. यशस्वी ठरलेल्या साच्यात पुन्हा लिहिणे त्यांनी टाळले. ‘लाप्रांती सॉर्सिए’ला मोठे यश मिळूनही तशी दुसरी रचना त्यांनी प्रसिद्ध केली नाही, त्याऐवजी ते पाऊण तासाच्या गंभीर सोनाटाकडे वळले. प्रत्येक कृतीत एका संगीतप्रकाराचा प्रश्न पूर्णपणे सोडवायचा आणि मग तो प्रकार सोडून द्यायचा, असा त्यांचा क्रम दिसतो. शिवाय १९१२ नंतरच्या काळात युरोपीय संगीताची भाषा झपाट्याने बदलत होती. बेथोव्हन आणि फ्रांक यांच्या घाटाची शिस्त मानणाऱ्या, पण देब्युसी यांचे नावीन्यही मनापासून जाणणाऱ्या रचनाकाराला आधीच्या यशाची पुनरावृत्ती करून समाधान मिळणे कठीण होते.

या कठोरतेविषयी अभ्यासकांत दोन मते आढळतात. एका मतानुसार तिच्यामुळेच त्यांच्या उरलेल्या कृतींत टाकाऊ म्हणता येईल असे काही राहिले नाही. दुसऱ्या मतानुसार सर्जनशीलतेवर समीक्षकबुद्धीने केलेली ही मात असून तीत फ्रेंच संगीताचे कायमचे नुकसान झाले. नष्ट झालेल्या कृती समोर नसल्याने निवाडा करता येत नाही. द्युकास यांच्यापुरता तो त्यांनी स्वतःच केला होता.

अध्यापन

१९१० ते १९१३ या काळात द्युकास यांनी पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत वाद्यवृंदाचा वर्ग चालवला. शार्ल-मारी व्हिदोर निवृत्त झाल्यावर १९२८ पासून मृत्यूपर्यंत ते तेथे रचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. एकोल नॉर्माल द म्युझिक या संस्थेतही त्यांनी शिकवले. त्यांच्या प्रमुख विद्यार्थ्यांत ऑलिव्हिए मेसिआँ, मोरिस द्युर्युफ्ले, जाँ लांग्ले, जेआँ आलँ आणि एल्सा बारेन हे फ्रेंच रचनाकार, स्पेनचे होआकिन रोद्रिगो, मेक्सिकोचे मानुएल पोन्से आणि चीनचे शियान शिंगहाय यांचा समावेश होतो. औपचारिक शिष्य नसलेल्या इसाक आल्बेनिस यांना वाद्ययोजनेबाबत आणि १९०७ मध्ये पॅरिसला आलेल्या मानुएल दे फाया यांना त्यांच्या संगीतिकेबाबत द्युकास यांचे मार्गदर्शन व पाठबळ मिळाले.

या शिष्यांच्या संगीतात परस्परांशी साम्य फारसे नाही. रोद्रिगो यांच्या गिटार काँचेर्तोत स्पेन आहे, शियान यांच्या ‘पीत नदी’ कँटाटात चीन आहे, तर द्युर्युफ्ले यांच्या रचनांत मध्ययुगीन चर्चगायन आहे. स्वतःच्या कामाबाबत अतिशय चोखंदळ असणारे द्युर्युफ्ले यांनीही फार थोड्या रचना प्रसिद्ध केल्या. विद्यार्थ्यांवर स्वतःची शैली न लादता प्रत्येकाला त्याच्या वाटेने जाऊ देणे, हे द्युकास यांच्या अध्यापनाचे वैशिष्ट्य यावरून लक्षात येते. पक्ष्यांचे गाणे ऐका, असे द्युकास विद्यार्थ्यांना सांगत, अशी आठवण मेसिआँ यांनी नोंदवली आहे. पुढे पक्ष्यांचे आवाज हा मेसिआँ यांच्या संगीताचा एक मुख्य आधार ठरला.

मेसिआँ यांच्या संगीताचा दुसरा आधार मराठी वाचकांस जवळचा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेव यांनी ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. त्यातील १२० देशी तालांचा अभ्यास मेसिआँ यांनी स्वतंत्रपणे केला आणि त्यांतील लयी आपल्या रचनांत योजल्या. त्यांच्या ‘तुरंगलीला’ सिंफनीचे नावही त्या तालांच्या यादीतील आहे.

वैयक्तिक जीवन आणि अखेर

द्युकास संकोची आणि एकांतप्रिय स्वभावाचे होते. १९१६ मध्ये त्यांनी सुझान परेरा यांच्याशी विवाह केला. त्यांना एक मुलगी झाली. १९३४ मध्ये त्यांची फ्रान्सच्या ललित कला अकादमीवर निवड झाली. पुढच्याच वर्षी, १७ मे १९३५ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पेर लाशेझ दफनभूमीत ठेवलेल्या आहेत.

१९२० मध्ये देब्युसी यांच्या स्मृत्यर्थ ‘रव्ह्यू म्युझिकाल’ या नियतकालिकाने काढलेल्या संगीतसंग्रहात द्युकास यांची रचना होती. त्याच नियतकालिकाने १९३६ मध्ये द्युकास यांच्यासाठी तसाच संग्रह काढला. फाया, श्मित, रोद्रिगो, मेसिआँ आणि बारेन यांच्यासह नऊ रचनाकारांनी त्यात आपापली रचना दिली.

निवडक रचनांची सूची

• पॉलियक्त, ओव्हर्चर (१८९१)
• सिंफनी, सी मेजर (१८९५–९६)
• लाप्रांती सॉर्सिए, वाद्यवृंदासाठी स्केर्त्सो (१८९७)
• पियानो सोनाटा, ई फ्लॅट मायनर (१८९९–१९००)
• रामोच्या एका विषयावरील रूपांतरे, मध्यांतर आणि अंतिम भाग, पियानोसाठी (प्रथम वादन १९०३)
• व्हिलानेल, हॉर्न व पियानोसाठी (१९०६). हिच्या आरंभीचा भाग व्हॉल्व्हचा वापर न करता, जुन्या नैसर्गिक हॉर्नप्रमाणे वाजवायचा असतो.
• आरियान ए बार्ब-ब्ल, तीन अंकी संगीतिका (प्रथम प्रयोग १९०७)
• हायडन यांच्या नावावरील प्रेल्यूद एलेजियाक, पियानोसाठी (१९०९)
• ला पेरी, नृत्यनाट्य, फँफेअरसह (१९१२)
• ला प्लँत, ओ ल्वँ, द्यु फोन, पियानोसाठी (१९२०)
• रोंसार यांचे सुनीत, आवाज व पियानोसाठी (१९२४)